जागल्या गप्प झाल्यावर

कर्करोगाच्या संशोधन-लेखांत एक वाक्य सतत भेटतं. अमुक एक जनुक गप्प केलं, तेव्हा फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशी भराभर वाढल्या, जागा सोडून पुढे सरकल्या, औषधाला पूर्वीसारख्या दबेनात. म्हणजे हे जनुक कर्करोगाला आवर घालणारं आहे. जनुकाचं नाव बदलतं, वाक्य तेच राहतं. त्याची बातमी होते तेव्हा ‘कर्करोग रोखणारं जनुक सापडलं’ असा मथळा येतो, आणि ज्या घरात आजारी माणूस आहे तिथून सरळ प्रश्न येतो : सापडलंय ना, मग ते परत सुरू का करत नाहीत?

प्रश्न रास्त आहे. ‘अजून संशोधन चालू आहे’ असं म्हणून तो टोलवणं मात्र रास्त नाही. माझं म्हणणं असं, की त्या वाक्यातल्या ‘गप्प केलं’ या शब्दांतच पहिला घोळ आहे. दुसरा घोळ, आपण तो प्रयोग उलट्या टोकाकडून वाचतो. जनुक गप्प झाल्यावर पेशीला काय मिळालं ते सगळे मोजतात. तिनं काय गमावलं, हा हिशेब रोग्याच्या जास्त कामाचा असतो.

आधी ही जनुकं करतात काय ते पाहू. जुन्या खेड्यात रात्री गस्त घालणारा जागल्या असे. तो शेती करत नसे, घर बांधत नसे. गावाच्या रोजच्या धबडग्यात तो नसला तरी चार दिवस कुणाला कळलंही नसतं. या जनुकांचं तसंच आहे. त्यांतलं सगळ्यांत प्रसिद्ध पी-५३. डेव्हिड लेन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९९२ मध्ये त्याला जनुकसंचाचा राखणदार म्हटलं आणि ते नाव चिकटलं. पेशीतल्या डीएनएला इजा झाली की पी-५३ चं प्रथिन साचू लागतं. ते विभाजन थांबवतं, दुरुस्तीला वेळ देतं, आणि दुरुस्ती होण्याजोगी नसेल तर पेशीला मरायला लावतं. आरबी हा दुसरा राखणदार विभाजनाच्या दारालाच अडसर घालून बसतो. सीडीके-४ नावाचं प्रथिन तो अडसर काढू पाहतं, आणि पी-१६ त्या सीडीके-४ चा हात धरून ठेवतं. एलकेबी-१ चं काम थोडं निराळं : घरात दाणागोटा कमी पडला की खर्चाला कात्री लावणं.

आता ‘गप्प’ या शब्दाकडे येऊ. मराठीत गप्प बसवणं वेगळं, जीभ छाटणं वेगळं आणि धाकानं उलटं बोलायला लावणं वेगळं. पेशीतही हे तिन्ही प्रकार होतात, आणि त्यांचे परिणाम एक नसतात.

जीभ छाटणं म्हणजे जनुकाचा तुकडाच गळून जाणं. उलटं बोलायला लावणं म्हणजे एखादं अक्षर बदलून प्रथिनाचा स्वभाव फिरणं. पी-५३ ची प्रथिनं चारचारच्या जुळणीनं काम करतात. पालखीच्या चार भोयांपैकी एक लंगडा निघाला तर बाकीचे तिघे धडधाकट असूनही पालखी कलते, तसं एका बिघडलेल्या प्रतीमुळे चांगल्या प्रतीही वाया जातात. सिगारेटच्या धुरातलं बेन्झोपायरीन हेच करतं. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या एका गटानं दाखवलं, की या रसायनाचं शरीरात जे रूप होतं ते पी-५३ च्या जनुकावर वाटेल तिथे चिकटत नाही. ते १५७, २४८ आणि २७३ या क्रमांकांच्या संकेतांवर नेमकं जाऊन बसतं, आणि फुप्फुसाच्या कर्करोगात बिघाड सापडतात तेही याच जागांवर. धूर आणि कर्करोग यांचा संबंध डॉल आणि हिल यांनी १९५० मध्येच आकडेवारीनं मांडला होता. त्यावर तंबाखू कंपन्या अनेक दशकं म्हणत राहिल्या, की आकडे म्हणजे पुरावा नव्हे. इथे चोराच्या बोटांचे ठसे थेट जागल्याच्या मानेवर सापडले.

गप्प बसवणं याहून सौम्य, आणि म्हणूनच जास्त मोहात पाडणारं. जनुकातलं एकही अक्षर बदलत नाही. त्याच्या सुरुवातीच्या भागावर मेथिल नावाचे छोटे रासायनिक गट बसतात आणि पेशी ते जनुक वाचायचंच सोडून देते. पोथीची पानं एकमेकांना चिकटावीत तसं. मजकूर शाबूत, पारायण बंद. फुप्फुसाच्या कर्करोगात पी-१६ पुष्कळदा असंच गप्प बसलेलं आढळतं, हे १९९५ च्या सुमारास स्पष्ट झालं. पुढच्या काही वर्षांत हेही दिसलं, की ही चिकटलेली पानं गाठ होण्याच्या बऱ्याच आधी सापडतात : धूम्रपान करणाऱ्यांच्या बेडक्यातल्या पेशींत, काहींच्या बाबतीत निदानाच्या तीन वर्षं आधी. मात्र अशा खुणा ज्यांना कर्करोग झालाच नाही त्या धूम्रपान करणाऱ्यांतही मिळाल्या. म्हणजे जागल्या झोपला म्हणून दरोडा पडतोच असं नाही. दरोड्याला वाट मोकळी होते, इतकंच.

प्रयोगशाळेतलं गप्प बसवणं या कशातच बसत नाही. त्याची गोष्ट पेटुनियाच्या फुलांपासून सुरू होते. १९९० मध्ये अमेरिकेत काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी फुलांचा जांभळा रंग गडद व्हावा म्हणून रंगाच्या जनुकाची जादा प्रत झाडात घातली, तर काही फुलं चक्क पांढरी झाली. जादा प्रतीनं मूळ प्रतीलाही गप्प केलं होतं. यामागची यंत्रणा अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये एका सूक्ष्म कृमीत उलगडली; २००६ चं नोबेल त्यासाठीच मिळालं. जनुकाला हात न लावता त्यानं धाडलेला आरएनएचा निरोप वाटेतच फाडून टाकायचा, अशी ही युक्ती आहे. २००१ पासून ती माणसाच्या पेशींतही साधता येऊ लागली आणि ‘गप्प केलं’ हे वाक्य घाऊक झालं. पण ही चुप्पी बहुधा थोड्या दिवसांची असते, क्वचितच पुरी असते, आणि पुष्कळदा शेजारच्या चार निरोपांनाही फाडून ठेवते.

‘पुरी नसते’ ही बारीकसारीक बाब वाटेल, पण ती तशी नाही. २००३ मध्ये उंदरांवर केलेल्या एका प्रयोगात पी-५३ चा आवाज कमी-अधिक प्रमाणात दाबला, तेव्हा उंदरांना होणाऱ्या रोगाची तीव्रताही त्याच प्रमाणात बदलली. मौनाला अंश असतात. ‘गप्प केलं’ म्हणणाऱ्यानं किती अंशांनी केलं ते सांगितलं नाही, तर त्याचं वाक्य अर्धंच राहतं.

दुसरी गोष्ट कुणाला गप्प केलं याइतकीच महत्त्वाची : कुणाच्या घरात. फुप्फुसाच्या कर्करोगावरचं प्रचंड काम ज्या एका पेशीवंशावर झालं, त्याचं नाव ए-५४९. १९७२ मध्ये ५८ वर्षांच्या एका अमेरिकी गृहस्थाच्या फुप्फुसातल्या गाठीपासून तो तयार केला गेला. त्या गाठीच्या पेशी आज जगभर वाढताहेत. आपल्याकडे पुणे विद्यापीठाच्या आवारातलं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र देशभरच्या प्रयोगशाळांना असे पेशीवंश पुरवतं. ए-५४९ मध्ये पी-१६ च्या दोन्ही प्रती मुळातच गायब आहेत, एलकेबी-१ मोडलेलं आहे, के-रास हे वाढीचं जनुक कायमचं चालू राहिलेलं आहे. पी-५३ मात्र धड आहे. या उलट एच-१२९९ या दुसऱ्या लाडक्या पेशीवंशात पी-५३ तयारच होत नाही. पी-५३ गप्प करण्याचा प्रयोग पहिल्यात करता येतो, दुसऱ्यात करायला काही उरलेलंच नाही. आणि पहिल्यात केला तरी तो ज्या घरातले दोन राखणदार आधीच गेले आहेत त्या घरावरचा प्रयोग असतो. त्याचा निकाल निरोगी फुप्फुसाला लावणं म्हणजे पडक्या वाड्यात दार उघडं ठेवून पाहायचं आणि त्यावरून गावातल्या सगळ्या घरांबद्दल बोलायचं. तरीही ‘फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशींत असं घडतं’ हे अनेकवचन सर्रास वापरलं जातं. मला ते अनेकवचन खटकतं.

अशा चुकीची किंमत या क्षेत्रानं एकदा पुरेपूर मोजली आहे. पी-५३ चा शोध १९७९ मध्ये लागला आणि पुढची दहा वर्षं ते कर्करोग घडवणारं जनुक आहे असंच मानलं गेलं. पेशीत ते जनुक घातलं की पेशी बिथरत, हे प्रयोगशाळेमागून प्रयोगशाळेत दिसत होतं. प्रयोग खोटे नव्हते. त्यांत वापरलेल्या प्रती गाठीच्या पेशींतून आलेल्या, आधीच बिघडलेल्या होत्या, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. १९८९ मध्ये बर्ट फोगेलस्टाइन आणि आर्नल्ड लेव्हिन यांच्या गटांनी गाडी रुळावर आणली : शाबूत पी-५३ कर्करोग रोखतं. चोराशी संगनमत केलेल्या जागल्याला पाहून दहा वर्षं जागल्या या पेशालाच चोर ठरवलं गेलं होतं. हे सगळे आपल्या विषयातले अव्वल लोक होते. पेशीचा पूर्वेतिहास न विचारण्याची चूक अव्वल लोकांकडूनही होते.

असो. आता त्या घरातल्या प्रश्नाकडे : जागल्याला उठवलं तर?

उठवून पाहिलेलं आहे. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टन इथे जॅक रॉथ यांच्या गटानं फुप्फुसाच्या कर्करोगाच्या नऊ रोग्यांच्या गाठींत विषाणूवर लादून चांगलं पी-५३ सोडलं. काहींच्या गाठी टोचलेल्या जागी आक्रसल्या. पण टोचलेल्या जागीच. कर्करोग शरीरभर पसरतो आणि सुई पसरत नाही. चिकटलेली पानं सोडवणारी औषधंही आहेत; अ‍ॅझासायटिडीन हे त्यांतलं एक, रक्ताच्या काही विकारांत ते वापरतातच. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ते दुसऱ्या एका औषधाबरोबर फुप्फुसाचा कर्करोग बळावलेल्या ४५ रोग्यांना दिलं. एकाची गाठ पूर्ण विरघळली, एकाची बरीच कमी झाली. त्या दोघांसाठी ही मोठीच गोष्ट होती. ४५ च्या हिशेबात मात्र तिला इलाज म्हणता येणार नाही. शिवाय हे औषध पानं सोडवताना हवी तेवढीच सोडवत नाही. जी पोथी मिटलेलीच बरी, तीही उघडते.

यापेक्षा मला बोलका वाटतो तो २०१० चा उंदरांवरचा प्रयोग, कारण त्यात सुई, विषाणू, औषध यांच्या अडचणी नव्हत्या. के-रासमुळे फुप्फुसात गाठी झालेल्या उंदरांत पी-५३ बंद ठेवलं होतं आणि हवं तेव्हा सगळ्या पेशींत एकदम सुरू करण्याची सोय करून ठेवली होती. इतकी आदर्श परिस्थिती कुठल्याच रुग्णालयात मिळणार नाही. दोन स्वतंत्र गटांनी हे केलं आणि दोघांना सारखंच दिसलं : पी-५३ सुरू केल्यावर गाठींतला माजलेला, पुढच्या अवस्थेतला भागच तेवढा मागे हटला. सुरुवातीच्या अवस्थेतल्या पेशींनी जाग्या झालेल्या जागल्याची दखलच घेतली नाही. कारण जागल्या जागा असला तरी हाकाटी झाल्याशिवाय धावत नाही, आणि सुरुवातीच्या पेशी ती हाकाटी होईल इतका गोंगाट करत नाहीत. सुरुवातीची गाठ सोपी आणि वाढलेली अवघड, या आपल्या सहज समजुतीला हा निकाल आडवा जातो.

मग जागल्याला सदैव ओरडतच का ठेवू नये? तेही २००२ मध्ये दिसलंय. पी-५३ सतत जास्त सक्रिय राहिलेले उंदीर कर्करोगापासून बऱ्यापैकी वाचले, पण लवकर म्हातारे झाले आणि लवकर मेले. रात्रभर आरोळ्या ठोकणाऱ्या जागल्यानं चोर येणार नाहीत हे खरं. गावही झोपणार नाही.

इथवर वाचून कुणाला वाटेल, की गप्प करण्याचे हे प्रयोग फुकट आहेत. माझं मत नेमकं उलटं आहे. वाचायची दिशा तेवढी बदलायला हवी.

एलकेबी-१ घ्या. ते गेलं की फुप्फुसाच्या गाठी जास्त पसरतात, हे २००७ मध्ये उंदरांत दिसलं. के-रासबरोबर एलकेबी-१ ही बिघडलेलं असेल तर आजची प्रतिकारशक्तीवर चालणारी महागडी औषधं कमी चालतात, हे २०१८ मध्ये रोग्यांत दिसलं. ही झाली पेशीची कमाई. पण खर्चाला कात्री लावणारा माणूसच घरातून गेलाय. दुष्काळ पडला तरी हे घर पूर्वीच्याच थाटात खर्च करत राहणार, आणि एक दिवस कोठार रिकामं होणार. २०१३ मध्ये पेशीच्या ऊर्जेच्या कारखान्यावर घाव घालणारं फेनफॉर्मिन हे मधुमेहाचं जुनं औषध उंदरांना दिलं, तेव्हा एलकेबी-१ नसलेल्या गाठींवर ते चाललं. पी-५३ नसलेल्या गाठींवर तसं चाललं नाही. दोन्ही राखणदारच, पण एकाच्या जाण्यानं आलेली दुबळाई दुसऱ्याच्या जाण्यानं येत नाही. (फेनफॉर्मिन रक्तात आम्ल वाढवतं म्हणून सत्तरच्या दशकातच अमेरिकेत बाजारातून काढलेलं आहे. त्याचं धाकटं भावंड मेटफॉर्मिन आपल्याकडे घराघरांत असतं, म्हणून सांगून ठेवतो : फुप्फुसाच्या कर्करोगात उपचारांबरोबर मेटफॉर्मिन देऊन पाहिलेल्या दोन चाचण्यांचे निकाल २०२१ मध्ये आले, आणि दोन्हींत फायदा दिसला नाही. त्या चाचण्यांत रोगी निवडताना एलकेबी-१ पाहिलेलं नव्हतं. पण म्हणून कुणी स्वतःच्या अकलेनं गोळ्या वाढवू नयेत.)

पी-१६ आणि आरबी यांची जोडी तर याहून चोख. दोघं एकाच दारावर बसतात आणि कुणीही एक गेला तरी दार उघडतं. बशीतल्या पेशींची वाढ तेवढी मोजली तर दोन्ही प्रयोगांचे आलेख सारखेच दिसतील. औषधाच्या बाजूनं पाहिलं तर दोन टोकं आहेत. पी-१६ गेलं असेल तर सीडीके-४ चा मोकाट हात औषधानं धरता येतो, कारण अडसर घालणारा आरबी अजून जागेवर आहे. आरबीच गेला असेल तर सीडीके-४ चा हात धरून उपयोग काय? अडसरच नाही.

आणि याच निरुपयोगातून एक उपयोग निघाला. फुप्फुसाच्या लघुपेशी कर्करोगात, जो मुख्यतः जास्त धूम्रपान करणाऱ्यांना होतो आणि झपाट्यानं पसरतो, पी-५३ आणि आरबी ही दोन्ही जवळपास प्रत्येक रोग्यात गेलेली असतात. २०१५ मध्ये ११० गाठींचा जनुकसंच वाचून हे पक्कं झालं. म्हणजे सीडीके-४ रोखणारं औषध या कर्करोगाला ढिम्म हलवणार नाही. पण रोग्याच्या अस्थिमज्जेतल्या निरोगी पेशींत आरबी शाबूत असतो. त्या औषधानं त्या पेशी काही काळ विभाजन थांबवून स्वस्थ बसतात. नेमक्या त्या वेळी केमोथेरपी दिली, तर ती विभाजन करणाऱ्या कर्कपेशींवर कोसळते आणि मज्जेतल्या पेशी बऱ्याच अंशी बचावतात. वादळाची दवंडी ज्यांना ऐकू आली ते घरात शिरले. ज्यांनी आपला दवंडीवाला स्वतःच मारून टाकला होता ते उघड्यावर राहिले. ट्रायलासिक्लिब नावाच्या औषधाला अमेरिकेत २०२१ च्या फेब्रुवारीत या कामासाठी मंजुरी मिळाली. जागल्याला उठवण्याचा कसलाही खटाटोप यात नाही. तो गेला आहे हे मान्य करून, त्याच्या जाण्याचाच फायदा घेतलेला आहे. कर्करोगाच्या इलाजातलं इतकं नेटकं तर्कशास्त्र मी फारसं पाहिलेलं नाही. या औषधानं रक्तपेशी वाचतात, कर्करोग बरा होत नाही, हेही त्याच दमात सांगायला हवं.

शेवटी आरबीचीच आणखी एक गोष्ट, कारण ती आपल्याकडच्या पुष्कळ घरांना लागू आहे. कधीही विडी-सिगारेट न ओढलेल्यांना, त्यातही बायकांना, फुप्फुसाचा कर्करोग होतो तेव्हा त्यात ईजीएफआर या जनुकाचा बिघाड सापडण्याचं प्रमाण बरंच असतं. त्यावर रोज घ्यायच्या गोळ्या आहेत आणि त्या कित्येकांना काही वर्षं चांगली साथ देतात. मग गाठ पुन्हा वाढू लागते. २०११ मध्ये बॉस्टनमधल्या एका गटानं अशा ३७ रोग्यांच्या गाठींचा तुकडा पुन्हा काढून तपासला. त्यांतल्या ५ जणांच्या गाठीची जातच बदलून ती लघुपेशी झाली होती. २०१५ मध्ये अशा बदललेल्या गाठी तपासल्या तेव्हा त्या सगळ्यांत आरबी गेलेला होता. साहजिकच प्रयोगशाळेत ईजीएफआर बिघडलेल्या पेशी घेऊन त्यांतला आरबी गप्प करून पाहिला. लेखाच्या सुरुवातीचं ते वाक्य इथे थबकलं : पेशींची जात बदलली नाही. आरबी जाणं भाग होतं, पण तेवढ्यानं भागत नव्हतं. बशीतल्या काही दिवसांच्या मौनात जे घडलं नाही, ते माणसाच्या छातीत औषधाच्या दाबाखाली घडत होतं.

जात बदललेल्या या गाठीतही ईजीएफआरचा जुना बिघाड तसाच असतो. त्यामुळे केवळ रक्तातून जनुकाची तपासणी केली तर जुनंच उत्तर मिळू शकतं. पेशी कोणत्या जातीच्या आहेत ते तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्याशिवाय नीट कळत नाही. आणि लघुपेशी ठरली तर केमोथेरपीची निवड वेगळी असते. तेव्हा घरातलं कुणी या गोळ्यांवर असेल आणि गाठ पुन्हा वाढल्याचं सांगितलं गेलं, तर पुन्हा तुकडा काढून तपासणं शक्य आहे का, एवढा एक प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा.